आहेराची वही आणि विम्याचा कर

सई, सोमवारपासून तू न्यूयॉर्कच्या विमा कंपनीत कर विभागात रुजू होणार. त्याच कामात केस पिकवलेल्या काकाचे चार शब्द ऐकून ठेव.

अमेरिकेत विम्याचा कारभार मुख्यतः राज्यांच्या हाती. १९४५च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने त्यावर शिक्का मारला. राज्य आपल्याकडे जमा झालेल्या हप्त्यांवर कर घेतं. शेजारच्या राज्यातली कंपनीसुद्धा तिथे ‘फॉरेन’! दचकू नकोस, परदेशी कंपनीला ‘एलियन’ म्हणतात.

आता रिटॅलिएटरी टॅक्स. आजीची आहेराची वही आठव. त्यांनी आपल्याला काय दिलं ते बघून आपण त्यांना द्यायचं. कॅलिफोर्नियात हप्त्यांवरच्या कराचा दर २.३५ टक्के, इलिनॉयमध्ये साधारण ०.५. कॅलिफोर्नियाच्या कंपनीने इलिनॉयमध्ये दहा लाख डॉलरचे हप्ते गोळा केले, तर तिथला कर ५,००० डॉलर. पण इलिनॉय म्हणतं, “आमच्या कंपनीकडून तुमच्या घरी २३,५०० घेतले असते. वरचे १८,५०० इथे ठेवा.” माहेरच्यांची रीत, भुर्दंड सुनेला.

एकेका दराची तुलना करत बसू नकोस. बहुतेक राज्यं दोन्हीकडची कर आणि शुल्कांची एकूण बेरीज बघतात. नवा असताना मी परवाना शुल्क धरायचं विसरलो आणि रात्री सगळा तक्ता पुन्हा मांडला.

या भुर्दंडावर न्यूयॉर्क आपल्या कंपन्यांना उतारा देतं. न्यूयॉर्कच्या करापायी दुसऱ्या राज्याने जेवढं जास्त घेतलं, त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत क्रेडिट मिळतं. १०,००० डॉलर भरले, तर फार तर ९,०००. त्यासाठी फॉर्म सीटी-३३-आर. ‘न्यूयॉर्कच्या करापायी’ हे शब्द अधोरेखित कर आणि तेवढाच भाग वेगळा काढ.

आधी भरायचं, मग मागायचं, हा क्रम. म्हणून त्या राज्याला दिलेल्या विवरणपत्राची प्रत आणि पैसे भरल्याचा पुरावा त्याच दिवशी फाइलला लाव. बऱ्याच राज्यांची मुदत १ मार्चला संपते. त्या गर्दीत गेलेला कागद पुढे सापडत नाही.

आणि सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक कोरा कागद घे. डावीकडे ते राज्य, उजवीकडे न्यूयॉर्क. दोन्ही बेरजा स्वतः कर, मगच फॉर्मला हात लाव.