गांजा, श्वास आणि नाम



दिंडीच्या मुक्कामी तरुण मंडळी आम्हाला हटकून विचारतात, 'महाराज, माळ घातली की दारू सुटली, हे कळले. पण गांजा ही तर वनस्पती. बैरागीही चिलीम ओढतात. त्यात दोष कोणता?' हा झाला पूर्वपक्ष. आता उत्तर ऐका.

वनस्पती म्हणून निर्दोष, हा हेतूच लटका. धोतरा आणि बचनाग या काय वनस्पती नव्हेत? शार्ङ्गधराने भांगेची गणना अफूबरोबर 'व्यवायी' द्रव्यांत केली आहे. व्यवायी म्हणजे पचण्याआधीच देहभर पसरणारे. भावप्रकाशातही भांग मद व मोह वाढविणारी म्हटली आहे. वैद्य ती शोधून, मात्रा मोजून देतो. चिलमीला ना शोधन, ना मात्रा!

बैराग्याचे बैराग्यापाशी. आपला मार्ग नामाचा, आणि नामाला श्वास, स्मृती व स्थिर चित्त ही तीन साधने लागतात. गांजा नेमका या तिहींवर घाला घालतो.

प्रथम श्वास. गांजाच्या धुरात तंबाखूच्या धुराप्रमाणेच काळा चिकटा व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. ओढणारा तो धूर छातीत कोंडून धरतो, म्हणून चिकटा अधिक बसतो. मग जुनाट खोकला, कफ, छातीत घरघर. अभंगाचे चरण एका दमात कसे निघणार? शिवाय झुरका घेतल्यावर काही मिनिटांतच नाडी जलद होते. आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. हृदयविकार असलेल्याने तरी या वाटेस जाऊच नये.

दुसरी स्मृती. गांजातील मादक द्रव्य टी. एच. सी. हे १९६४ साली इस्राएलात मेशुलाम व गाओनी यांनी शुद्ध रूपात वेगळे केले. ते मेंदूच्या स्मरणस्थानी आपले काम करते, म्हणून नवे पाठांतर टिकत नाही. ते चरबीत साठते आणि रोज ओढणाऱ्याच्या देहात कित्येक आठवडे राहते. मेंदूची घडण साधारण २५ वर्षांपर्यंत चालते. कोवळ्या वयात अपाय अधिक तो यामुळेच.

तिसरे चित्त. स्वीडन देशात १९६९-७० साली सैन्यभरतीस आलेल्या सुमारे ४५,००० तरुणांची पुढे १५ वर्षे नोंद ठेवली. १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांनी ५० हून अधिक वेळा ही नशा केली होती, त्यांच्यात छिन्नमनस्कता हा मनोविकार नशा न करणाऱ्यांच्या सहापट आढळला. प्रत्येकालाच तो जडतो असे नव्हे, आणि कारणे इतरही असतात. पण ज्याच्या कुळात असा आजार आहे, त्याने चिलमीला हातही लावू नये.

'मनात आणले की सोडू,' असे कोणी म्हणेल. रोजची सवय सोडताच झोप उडते, अन्न गोड लागत नाही, चिडचिड होते. पहिला आठवडा जड जातो, मग त्रास हळूहळू ओसरतो. अशा वेळी त्या मुलाला दिंडीतून हाकलू नका हो! त्याच्या हाती टाळ द्या, आणि डॉक्टरांकडेही न्या. भास होत असतील, घरच्यांवरच संशय घेत असेल, तर नुसत्या अंगाऱ्यावर विसंबू नका. व्यसनमुक्तीसाठी शासनाचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनी आहे.

माळ गळ्यात घालताना आपण देह विठ्ठलाला वाहिला. वाहिलेली वस्तू धुरात जाळण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय, एवढाच विचार प्रत्येकाने करावा.

रामकृष्णहरि.