उंदराचा मेंदू कापून पोरीले पगार कोन देईन?

नीटच्या निकालानंतर दर्यापूरकडचे एक वडील मुलीला घेऊन माझ्याकडे आले. तिला मेंदूवर संशोधन करायचं होतं. वडिलांनी विचारलं, "उंदराचा मेंदू कापून पोरीले पगार कोन देईन, साहेब?" प्रश्न रास्त आहे.

नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदारांनी वर्षानुवर्षे मेंदूतल्या न्यूरोपेप्टाइडवर काम केलं, मग ते पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत गेले. त्यांच्यासोबत काम केलेल्या प्रफुल सिंगरूंनी भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञानसंस्थेत प्रयोगशाळा उभारली. सेक्रेटॅगोजिन हे कॅल्शियम धरून ठेवणारं प्रथिन उंदरांच्या मेंदूत कुठं सापडतं, याचा शोध तिथं घेतला गेला. म्हणजे ही वाट आपल्या विदर्भातूनही गेली आहे.

काम कसं असतं? पांढऱ्या मोठ्या उंदराचा मेंदू जेमतेम 2 ग्रॅमचा. तो गोठवून केसाहूनही पातळ काप घ्यायचे, नाजूक ब्रशनं एकेक काप उचलून द्रावणात तरंगत ठेवायचा, अँटीबॉडी लावायची, रात्रभर थांबायचं. दुसऱ्या दिवशी रंगाची प्रक्रिया झाली की सूक्ष्मदर्शकाखाली, उदाहरणार्थ, पार्वाल्ब्युमिन हे कॅल्शियम धरणारं दुसरं प्रथिन असलेल्या पेशी तेवढ्या रंगून दिसतात. या पेशी शेजारच्या पेशींना झटपट आवर घालतात. चेतापेशी संदेश सोडते तेव्हा कॅल्शियम आत शिरतं आणि पार्वाल्ब्युमिन ते पकडतं. अपस्मार आणि स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासात या पेशींना फार महत्त्व आहे. प्राण्यांवरच्या प्रत्येक प्रयोगाला आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. तरीही मुलीचं मन धजत नसेल, तर तिला ढकलू नका.

आता शिक्षणाच्या वाटेचं आणि पैशांचं. आयसरच्या प्रवेश परीक्षेत 60 प्रश्न असतात, भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्राचे प्रत्येकी 15. नीटसाठी गणित सोडलेल्यांनाही बसता येतं, पण ते 15 प्रश्न जड जातात. आदल्या वर्षी बारावी झालेल्यांनाही संधी असते, त्यामुळे नीटसाठी थांबलेल्या मुलीनं हाही अर्ज भरावाच. ते जमलं नाही तर अमरावतीच्या व्हीएमव्हीत किंवा अकोल्याच्या शिवाजी महाविद्यालयात बी.एस्सी., पुढे अमरावती विद्यापीठात प्राणिशास्त्रात एम.एस्सी., मग नेट परीक्षा. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की पहिली 2 वर्षं महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडं, नंतर 42,000. पीएच.डी.ला 5-6 वर्षं धरा. कायम नोकरी त्याहून उशिरा लागते आणि सगळ्यांनाच लागते असं नाही. हे मी त्या वडिलांपासून लपवलं नाही.

त्यांनी वहीत 37,000 लिहून घेतले. मुलगी मात्र विचारत होती, "सर, तो काप ब्रशला चिकटून फाटत नाही का?"