परवडणारा गुडघा : एका सांध्याचा इतिहास आणि त्यातून मिळणारा धडा

निवासी शाळेत पालकसभेचा दिवस हा सणासारखा असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेला एक पालक कुबड्यांच्या आधाराने आले होते. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरखाली सापडून त्यांचा उजवा पाय मांडीपासून गेला होता. “दादा, तुम्हांला शिबिरात पाय मिळाला होता ना?” असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “मिळाला ना सर. पण तो घरी खुंटीला टांगलाय. खीळ लावून ठेवली तर एस.टी.च्या बाकावर बसता येत नाही, आणि खीळ काढली तर बांधावर गुडघा दुमडतो आणि मी तोंडावर पडतो.”

त्यांच्या त्या दोन वाक्यांनी आम्हांला अभ्यासाला बसवले. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, अभियंते नव्हे. तथापि जे वाचले आणि समजून घेतले, ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे सोप्या शब्दांत ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गुडघा गेला म्हणजे काय गेले?

पाय गुडघ्याच्या खाली कापला गेला आणि गुडघ्याच्या वर कापला गेला, या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे. नृत्यांगना सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ साली अपघातानंतर कापावा लागला. पुढे जयपूर फूट लावून त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या. त्यांच्या जिद्दीला तोड नाहीच. परंतु त्यांचा स्वतःचा गुडघा शाबूत होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. गुडघा शाबूत असेल तर खालचे कृत्रिम पाऊल त्याच्या हुकमतीत चालते. गुडघाच गेला तर उभे राहणे, बसणे, चढणे, उतरणे या प्रत्येक कृतीसाठी माणसाला यंत्रावर विसंबावे लागते. ते यंत्र चुकले की माणूस पडतो. एकदा पडलेला माणूस दुसऱ्यांदा त्या पायावर विश्वास टाकत नाही आणि पाय खुंटीवर जातो.

बिजागरी आणि चार दांड्या

सर्वांत साधा कृत्रिम गुडघा दाराच्या बिजागरीसारखा असतो. त्यात एकच कणा असतो. शरीराचा भार त्या कण्याच्या पुढून गेला तर गुडघा ताठ राहतो, मागून गेला तर दुमडतो. चालताना टाच जमिनीला टेकते त्या क्षणी भार नेमका मागे जाण्याचा धोका असतो. म्हणून अशा गुडघ्याला खीळ बसवतात. खीळ लावली की पडण्याचे भय संपते, पण पाय काठीसारखा ताठ राहतो. मग माणूस तो बाजूने फेकत चालतो. कंबर दुखू लागते आणि दम लागतो.

यावरचा उपाय म्हणजे चार दांड्यांचा गुडघा. त्यात वरचा आणि खालचा भाग पुढे-मागे असलेल्या दोन जोडदांड्यांनी एकमेकांना जोडलेला असतो. अशा रचनेत फिरण्याचा मध्य एका जागी स्थिर राहत नाही. पाय सरळ असताना हा मध्य वर आणि मागे असतो. त्यामुळे भार त्याच्या पुढून जातो आणि गुडघा खिळीशिवाय आपोआप ताठ राहतो. पाऊल उचलताना गुडघा वाकू लागला की मध्य आपली जागा सोडतो आणि पाय सहज दुमडतो. शिवाय वाकताना पायाची लांबी किंचित कमी होते, त्यामुळे चवडा दगडाला किंवा ढेकळाला अडखळत नाही. यासाठी ना विजेची गरज, ना संगणकाची. भूमितीचे ज्ञान पुरते.

इतिहासात गुडघा कोणाला मिळाला?

१८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत इंग्रज सेनेतील लॉर्ड अक्सब्रिज, म्हणजे पुढचे मार्क्विस ऑफ अँगलसी, यांचा पाय गेला. त्यांच्यासाठी लंडनच्या जेम्स पॉट्स या कारागिराचा वाकणाऱ्या गुडघ्याचा लाकडी पाय होता. त्यात पोलादी सांधा होता आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोऱ्या होत्या. तो ‘अँगलसी पाय’ या नावाने प्रसिद्धीस आला. सामान्य शिपायाच्या वाट्याला मात्र लाकडाचा सरळसोट खुंट आला. युद्ध दोघांनी केले. वाकणारा गुडघा उमरावाला मिळाला.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धातील जायबंदी सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. १९७२ साली कानपूर येथे कृत्रिम अवयव तयार करणारा सरकारी उपक्रम स्थापन झाला. परंतु शेतात अनवाणी राबणाऱ्या, जमिनीवर बसून जेवणाऱ्या माणसाचा विचार करून पाय घडवण्याचे मोठे काम १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात झाले. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तेथे रबराचे पाऊल घडवले. परदेशी धाटणीच्या पावलाला बूट लागे, आणि ते घालून उकिडवे बसता येत नसे. नव्या पावलाने या दोन्ही अडचणी दूर झाल्या. डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजी म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र शर्मा यांचे नाव मात्र आजही थोड्यांनाच ठाऊक आहे. वैद्याचे ज्ञान आणि कारागिराचा हात एकत्र आले म्हणून ते पाऊल घडले, हे आम्ही वर्गात मुलांना आवर्जून सांगतो.

पाऊल झाले, गुडघ्याचे काय?

१९७५ साली डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने जयपूर फूट लाखो लोकांपर्यंत विनामूल्य पोहोचवले. शेतातील जलवाहिन्यांसाठी वापरतात तशाच प्लास्टिकच्या नळ्या तापवून तेथे मांडीचे सॉकेट आणि नळी तयार करतात. पण गुडघ्याच्या वर पाय गेलेल्यांची अडचण उरलीच होती. २००८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी या समितीच्या साथीने चार दांड्यांचा गुडघा तयार केला. तेल मुरवलेल्या नायलॉनचे पाच तुकडे आणि चार नट-बोल्ट, एवढेच त्याचे साहित्य. खर्च सुमारे २० डॉलर. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००९ च्या उत्कृष्ट शोधांत ‘जयपूर नी’ची गणना केली.

तेवढ्यावर काम संपले नाही. चालताना गुडघ्याचा टक-टक आवाज होई. ज्याला लग्नकार्यात, बाजारात, कचेरीत चारचौघांत वावरायचे आहे, त्याला तो आवाज आपले अपंगत्व जाहीर करणारा वाटे. म्हणून पुढील आवृत्तीत आवाज शोषून घेणारी गादी बसवण्यात आली आणि कपड्याखाली नैसर्गिक दिसेल असा गोलसर आकार दिला गेला. गरिबाला फक्त चालता आले की पुरे, असे मानणाऱ्याला ही सुधारणा कधीच सुचली नसती.

२०२२ साली आयआयटी मद्रासमधील प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या संशोधनगटाने बंगळुरूच्या मोबिलिटी इंडिया या संस्थेच्या सहकार्याने ‘कदम’ नावाचा स्वदेशी बहुकेंद्री गुडघा सादर केला. तो १६० अंशांपर्यंत वाकतो. त्यामुळे बसच्या अरुंद बाकावरही पाय आत घेऊन बसता येते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्याच्यावर ३० लाख वेळा भार देऊन त्याची चाचणी घेण्यात आली.

स्वस्त म्हणजे हलके नव्हे

या इतिहासातून आम्हांला एकच गोष्ट सांगावयाची आहे. किंमत कमी करताना सुरक्षितता आणि सन्मान यांत काटछाट करता येत नाही. संगणकनियंत्रित गुडघ्याची किंमत लाखांच्या घरात जाते, आणि तो चिखलात, पावसात किंवा वीज नसलेल्या वस्तीत चालेलच असे नाही. उलट खिळीचा फुकट मिळालेला गुडघा खुंटीवर टांगला गेला, तर तो सर्वांत महाग ठरला असे म्हणावे लागेल. परवडणारा गुडघा तोच, जो रोज वापरला जातो. आणि तो रोज वापरला जावा असे वाटत असेल, तर वापरणाऱ्याला पहिल्या दिवसापासून विचारले पाहिजे : आपण बसता कोठे, चालता कशावर, काम कोणते करता?

जागतिक आरोग्य संघटनेने काही वर्षांपूर्वी मांडलेल्या अंदाजानुसार सहायक साधनांची गरज असलेल्या दहा जणांपैकी एकालाच ती मिळतात. उरलेल्या नऊ जणांत आपल्या वस्तीतील, तांड्यावरील, पालावरील माणसे आहेत.

पालकांसाठी चार शब्द

कृत्रिम पाय हे दान नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सन्मानाने जगण्याचा हक्क मान्य केला आहे. केंद्र शासनाच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत साधने विनामूल्य किंवा सवलतीत मिळतात. पाय घेताना गुडघा खिळीचा आहे की चार दांड्यांचा, हे विचारावे. केंद्र सोडण्यापूर्वी खुर्चीवर बसून, पायरी चढून, उतारावर चालून पाहावे. सॉकेट टोचत असेल तर तेथेच सांगावे, लाजू नये. चालण्याचा सराव किती दिवस देणार आणि दुरुस्ती कोठे होणार, हे लिहून घ्यावे. सरावावाचून उत्तम गुडघाही परका राहतो.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती वेगळी आहे. तुमच्यापैकी कोणी आयटीआयत फिटर झाले, कोणी अभियंते, कोणी परिचारिका, कोणी डॉक्टर. आपल्या तालुक्यात पाय खुंटीला टांगून बसलेला एक तरी माणूस असेल. त्याच्याकडे जा. पाय का टांगला, हे त्याला विचारा आणि त्याचे उत्तर शांतपणे ऐका. नव्या शोधाचा आरंभ बहुधा अशा उत्तरातूनच होतो.

लेखाच्या आरंभी ज्यांचा उल्लेख केला, त्या पालकांना पुढे चार दांड्यांचा गुडघा बसवून मिळाला. नांगरटीच्या रानात ते आजही तो घालत नाहीत. तेवढा भरवसा अजून बसलेला नाही. पण मुलीच्या दहावीच्या निरोप समारंभाला ते एस.टी.ने आले, तेव्हा त्यांच्या हाती एकच कुबडी होती. सभागृहात मुलीच्या शेजारच्या खुर्चीवर ते बसले आणि गुडघा दुमडून त्यांनी पाय आत घेतला.