आजाऱ्याच्या उशाशी

शास्त्रवाचन : मार्क 5:1-20

आमच्या इंदूरच्या छत्रीबागेत होळकर घराण्याच्या छत्र्या आहेत. तेथून जाताना मला अहिल्याबाईंचा एकुलता एक पुत्र मालेराव आठवतो. 1766 साली मल्हारराव वारले व विशीतला हा तरुण गादीवर आला. 1767 मध्ये तो वेडाच्या भरात मरण पावला. जॉन माल्कम याने 1823 सालच्या आपल्या ग्रंथात ऐकीव हकिकत दिली आहे. मालेरावाने संशयावरून एका निरपराध कारागिराचा जीव घेतला व त्याच्याच भुताने त्याला पछाडले, असे लोक मानीत. आई रात्रंदिवस उशाशी बसून त्या भुताची विनवणी करी. दुखणे नेमके कोणते, हे आज ठरविता येणार नाही. पण ते वय आणि ती बाधेची समजूत वॉर्डात आजही भेटते.

डॉक्टर ज्याला सायकोसिस म्हणतात, त्याचा पहिला झटका बहुधा ऐन तारुण्यात येतो. झटका म्हणायचा, पण आधी कित्येक आठवडे झोप उडालेली असते. मुलगा खोलीत एकटा बसतो, शेजारी आपल्याविषयीच कुजबुजतात असे त्याला वाटते, कोणी नसता आवाज ऐकू येतात. हे ढोंग नव्हे; त्याला ते खरोखरच ऐकू येतात. आपण आजारी आहोत हेच त्याला पटत नसते, म्हणून इस्पितळात आणणे हा त्याला कट वाटतो.

अशा एका तरुणाला भेटायला मी गेलो होतो. आवाज चढवून प्रार्थना करू लागलो, तर त्याने कान झाकून घेतले. आवाजांनी गांजलेल्यापुढे मी आणखी एक आवाज नेला होता! मग गप्प बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "भाऊ, ही गोळी कशाची आहे, कुणी सांगेल का मला?"

त्याची गरज एवढी साधी होती. झोप, वेळेवर जेवण, ओळखीचा चेहरा आणि आपल्याला काय झाले आहे याचे सरळ उत्तर. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती मिळण्याचा व आपल्या माणसांना भेटण्याचा हक्क रुग्णाला दिलाच आहे.

मत्तय 4:24 मध्ये भूतग्रस्त आणि फेफरेकरी वेगवेगळे मोजले आहेत. आपण मात्र सगळ्यांना एकाच दोरीने बांधतो. या आजारावरची पहिली परिणामकारक औषधे 1952 नंतर आली. अहिल्याबाईंपाशी ती नव्हती. बरे वाटल्यावरही डॉक्टर बहुधा वर्ष-दोन वर्षे औषध चालू ठेवायला सांगतात. "विश्वास असेल तर गोळी कशाला?" असे विचारून ती बंद करविणारे आपल्याच मंडळीत आहेत. त्यांच्याशी माझे जमत नाही. पहिली लक्षणे दिसताच कोठे जावे हे न कळल्यास 14416 या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर विचारता येते.

गरसेकरांच्या प्रांतातला तो मनुष्य शुद्धीवर आल्यावर प्रभूबरोबर जाऊ इच्छीत होता. प्रभूने त्याला आपल्या घरच्यांकडे पाठविले. आमचा तरुणही घरी आला आहे. रात्री आई जेवणानंतर गोळी हातावर ठेवते. संध्याकाळी आम्ही आळीपाळीने जातो, कॅरम खेळतो. प्रार्थना तो म्हणेल तेव्हाच, आणि हळू आवाजात.