घर सोडा, नाव सोडू नका

माझं नाव लग्नात एकदा बदललं होतंच. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नवं नाव कोरलं. मला कुणी विचारलं नाही. म्हणूनच असेल, मारहाणीला कंटाळून लातूरहून पुण्याला आले आणि खानावळीच्या मालकीणबाईंनी नाव विचारलं, तेव्हा तिसरंच नाव सांगताना जीभ अडखळली नाही.

घर सोडलं ते योग्यच केलं. जिवावर बेतत असेल तर उंबरा ओलांडावाच.

त्या नव्या नावानं सुरुवातीला फार बरं वाटलं. त्या नावानं मला कुणी शिवी दिली नव्हती. पण त्या नावाचं काहीच नव्हतं. बँकेत खातं नाही, रेशनकार्ड नाही, भाडेकरार नाही. माझी डी.एड.ची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं आणि मी तिसरीच कुणी. शिकवण्याचं शिक्षण घेतलेली बाई पोळ्या लाटत राहिली. पगार थकला, तेव्हा तक्रार तरी कुठल्या नावानं करणार? काही गुन्हा नसताना पोलिसांची गाडी दिसली की पोटात गोळा यायचा. तिकडे वडील माझा फोटो घेऊन पोलीस ठाण्यात खेटे घालत होते. याचं दुःख आजही आहे.

वाट दाखवली ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंनी. बाईचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यानं तिला तिथं मोफत वकील मिळतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज सासरच्याच गावी करावा लागत नाही. जिथं तात्पुरता आसरा घेतला असेल तिथंही करता येतो. संरक्षण, पोटगी, स्त्रीधन, सगळं त्यात मागता येतं. पण मागायचं ते खऱ्या नावानंच. पहिला फोन १८१ या महिला हेल्पलाइनवर करा, किंवा अडचणीतल्या बायकांसाठीचं सखी केंद्र गाठा.

घरच्यांनी बेपत्ता झाल्याची तक्रार दिली असेल तर लपू नका. जवळच्या ठाण्यात जाऊन ‘स्वतःच्या मर्जीनं घर सोडलं, सुखरूप आहे’ असा जबाब द्या. पत्ता सासरी कळवू नये, हेही त्यात लिहून घ्यायला सांगा. सज्ञान बाईला पोलीस जबरदस्तीनं परत पाठवू शकत नाहीत.

नाव बदलायचंच असेल तर राजपत्राचा रीतसर मार्ग आहे. मात्र तिथं जुनं आणि नवं, दोन्ही नावं शेजारी छापली जातात आणि ती कुणालाही वाचता येतात. लपण्यासाठी तो मार्ग नाही. दुसऱ्या नावानं नवं आधार काढून देतो म्हणणाऱ्यांपासून तर चार हात दूर राहा. बोटांचे ठसे आधीच नोंदलेले असतात, आणि खोट्या ओळखीनं नोंदणी केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

निघताना दागिन्यांआधी शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार, लग्नाचं प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले उचला. नाहीच जमलं तर आधीच फोटो काढून भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेवा. पोचल्यावर आधार केंद्रात जाऊन मोबाइल नंबर बदला. त्याला कागद लागत नाहीत, बोटांचा ठसा पुरतो. आपल्याकडे बायकांच्या आधारला बहुधा नवऱ्याचाच नंबर जोडलेला असतो, आणि तुमचा प्रत्येक ओटीपी त्याच्याच हातात पडतो.