स्वतंत्र माणसाची किंमत खाणारा

इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या ‘सहीह’ या संग्रहात एकच हदीस दोन वेगवेगळ्या ठिकाणी नोंदवली आहे. प्रथम ती खरेदी-विक्रीच्या प्रकरणात येते आणि तेथील उपशीर्षक स्वतंत्र माणसाला विकणाऱ्याच्या पापाविषयी आहे. पुढे मजुरीच्या प्रकरणात ती पुन्हा येते. तेथील उपशीर्षक मजुराची मजुरी अडवणाऱ्याच्या पापाविषयी आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीसे कुद्सी आहे, म्हणजे प्रेषित (स.) तिच्यात अल्लाहचेच म्हणणे सांगत आहेत. तिचा आशय असा : कयामतच्या दिवशी तीन माणसांविरुद्ध अल्लाह स्वतः वादी असेल. पहिला, ज्याने अल्लाहचे नाव घेऊन शब्द दिला आणि मग दगा केला. दुसरा, ज्याने स्वतंत्र माणूस विकून त्याची किंमत खाल्ली. तिसरा, ज्याने मजुराकडून काम पुरेपूर करवून घेतले आणि त्याचा मोबदला बुडवला.

मूळ अरबी शब्द ‘खस्म’ आहे. दाव्यातील विरुद्ध पक्षाला खस्म म्हणतात. त्या दिवशी न्याय करणारा अल्लाहच आहे. परंतु या तिघांच्या बाबतीत दावा मांडणाराही तोच होणार आहे. दुसऱ्या वाक्यातील ‘हुर्र’ हा शब्दही लक्षपूर्वक वाचावा. हुर्र म्हणजे स्वतंत्र मनुष्य. तो कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, कोणत्या मुलखाचा, याची कोणतीही अट हदीसमध्ये नाही.

दर्समध्ये ही हदीस आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो : गुलामांचे बाजार तर केव्हाच उठले, मग आज ही हदीस कोणाला लागू होते? बाजार उठले हे खरे. विक्री मात्र थांबलेली नाही. तिने नोकरी, लग्न, उचल आणि प्रवास अशी साधी नावे घेतली आहेत. आपल्या राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने माणसांच्या अशा व्यवहाराला मनाई केली असून मराठी पाठात त्यासाठी ‘अपव्यापार’ असा शब्द आहे. बोलीत आपण ‘मानवी तस्करी’ म्हणतो. मला पहिला शब्द अधिक नेमका वाटतो. तस्करी म्हटले की चोरून सीमा ओलांडणे डोळ्यांसमोर येते, आणि हा व्यवहार तर पुष्कळदा एकाच जिल्ह्यात, तिकीट काढून, सर्वांच्या देखत होतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये या गुन्ह्याची व्याख्या आहे. त्यापूर्वी ती दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये होती आणि तिला सध्याचे रूप २०१३ च्या दुरुस्तीने मिळाले. व्याख्येला तीन अंगे आहेत. माणसाला भरती करणे, नेणे, ठेवून घेणे किंवा स्वीकारणे हे पहिले अंग. धमकी, बळजबरी, फसवणूक, सत्तेचा गैरवापर किंवा प्रलोभन हे दुसरे. शोषणाचा हेतू हे तिसरे. बळी पडलेल्याने होकार दिला होता, हा बचाव कायदा ऐकत नाही. शिक्षा किमान सात वर्षांची आहे. बळी पडलेले बालक असेल तर किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. होकाराची बाब आपल्या फिक्हलाही अपरिचित नाही. फसवणुकीने घेतलेल्या संमतीने साधा व्यवहारसुद्धा निर्दोष राहत नाही. आणि स्वतंत्र माणूस तर विक्रीची वस्तूच नाही, त्यामुळे त्याचा सौदा मुळातच बातिल आहे. मग दोन्ही पक्ष राजी असोत वा नसोत.

आता हदीसमधील पहिला माणूस पाहू. अल्लाहच्या नावाने शब्द देऊन दगा करण्याची सर्वांत वाईट रीत मला निकाहमध्ये दिसते. कुरआनने निकाहला पक्का करार म्हटले आहे (अन्-निसा, २१). सप्टेंबर २०१७ मध्ये हैदराबाद पोलिसांनी ओमान व कतारच्या आठ नागरिकांना अटक केली. गरीब घरांतील अल्पवयीन मुलींशी पैसे देऊन निकाह लावून घेण्याचा हा व्यवहार असल्याचा पोलिसांचा आरोप होता. दलालांबरोबर काही काझींनाही अटक झाली आणि त्यांत मुंबईचे एक काझी होते. माझ्यासारख्या निकाह पढवणाऱ्या माणसाने ही बातमी इतरांची म्हणून वाचू नये. खुत्बा तोच, इजाब-कबूलही तोच. आणि त्याआड मुलीचा सौदा!

विदर्भातील मुलींना लग्नाच्या नावाने राजस्थान, मध्यप्रदेशात नेऊन विकल्याचे गुन्हे आपल्याकडील पोलीस ठाण्यांतही नोंदले गेले आहेत. पद्धत साधारण एकच असते. ओळखीची एखादी बाई स्थळ आणते. मुलाकडचे काही मागत नाहीत, उलट लग्नाचा खर्च करतात. मुलीच्या बापाला तो अल्लाहचा फज्ल वाटतो. घाई मात्र फार असते : उद्याच निकाह, परवाची गाडी. म्हणून इमाम व काझी मंडळींना माझी विनंती आहे. वर परगावचा असेल तर त्याच्या गावच्या मशिदीच्या इमामाशी किंवा जमातीच्या सदरांशी स्वतः बोलल्याशिवाय निकाह पढवू नये. दोघांच्या वयाचा दाखला पाहावा, वराचे ओळखपत्र व पत्ता नोंदवहीत उतरवावा, आणि मुलीची संमती घेताना स्थळ आणणाऱ्या बाईला खोलीबाहेर बसवावे. यात दोन दिवस गेले तर जाऊ द्यावेत.

नोकरीचा दगा अधिक परिचित आहे. आखाती देशांत कामगार पाठवणाऱ्या दलालाने १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी केलेली असली पाहिजे. त्याला तीस हजार रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणीकृत दलालांची यादी शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ‘तूर्त पर्यटन व्हिसावर चला, तिथे गेल्यावर कामाचा करून देऊ’ असे जो म्हणतो, त्याने कितीही कसमा खाल्ल्या तरी पासपोर्ट त्याच्या हाती देऊ नये. आणि आता केवळ अशिक्षितच फसतात असेही राहिलेले नाही. संगणक शिकलेल्या तरुणांना थायलंडमधील नोकरी सांगून म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबण्यात आले. मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या माए सोत येथून वायुदलाच्या विमानाने २८३ भारतीयांना एका फेरीत परत आणावे लागले. तेथे त्यांना इतरांना लुबाडण्याच्या कामाला जुंपले होते. म्हणजे माणूस स्वतः विकला गेला आणि त्याच्याच हातून हरामही करवून घेतले गेले.

दुसरा माणूस, म्हणजे प्रत्यक्ष विक्रेता. सूरह यूसुफमध्ये त्याचे चित्र आहे. विहिरीत टाकलेला मुलगा वाटसरूंच्या हाती लागतो. ते त्याला व्यापाराचा माल समजून लपवतात आणि मोजक्या दिरहमांना विकून टाकतात (आयत १९-२०). त्याचे घर कोठे आहे, हे त्या काफिल्यातील कोणी विचारल्याचा उल्लेख नाही.

आजच्या काफिल्यांना हा प्रश्न विचारण्याचे काम रेल्वे सुरक्षा दलाकडे आहे. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे आपल्या स्थानकाला या कामात विशेष महत्त्व आहे. ‘ऑपरेशन आहट’ या नावाने दलाची मोहीम चालू आहे. राज्याचे पोलीस हरवलेल्या मुलांसाठी ‘ऑपरेशन मुस्कान’ चालवतात. पोलिसांकडे मानवी तस्करीविरोधी स्वतंत्र पथके आहेत. ही कामे पुण्याची आहेत, असे मी मिंबरवरूनही सांगतो.

तथापि एक घटना टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून ५९ मुलांना भुसावळ व मनमाड येथे उतरवण्यात आले. ती बिहारच्या अररिया जिल्ह्यातील होती आणि पुणे व सांगलीच्या मदरशांत शिकण्यास निघाली होती. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला, ते सुमारे चार आठवडे कोठडीत राहिले, आणि मुले बारा दिवस बालगृहांत. मार्च २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनीच प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला : गुन्हा गैरसमजातून दाखल झाला होता.

त्या मुलांवर व त्यांच्या उस्तादांवर अन्याय झाला, याविषयी मला शंका नाही. व्याख्येचे तिसरे अंग, शोषणाचा हेतू, तपासण्यापूर्वीच टोपी आणि कुर्ता पाहून निष्कर्ष काढला गेला असे वाटण्यास जागा आहे. परंतु या घटनेवरून ‘हा कायदाच आपल्याविरुद्ध आहे’ असे जे म्हटले जाते, ते मला मान्य नाही. याच कायद्याने आपल्याही घरांतील मुले सोडवली आहेत. शिवाय गाडीत चढलेला शिपाई नियत पाहू शकत नाही, त्याला कागदच पाहावा लागतो. मदरशाने प्रत्येक मुलामागे आई-वडिलांचे संमतिपत्र, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती, मदरशाचे प्रवेशपत्र आणि चालू असलेला दूरध्वनी क्रमांक सोबत द्यावा; शक्य तर एक पालक सोबत असावा; निघण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात यादी देऊन पोच घ्यावी. दुसऱ्याचे लेकरू ही अमानत आहे. उधारीच्या व्यवहारासाठी लेख आणि साक्षीदार सांगणाऱ्या शरिअतमध्ये (अल्-बकरा, २८२) मुलांसाठी कागद करणे जड का वाटावे?

तिसऱ्या माणसाविषयी आपण सर्वांत कमी बोलतो. कोराडीच्या परिसरात वीज केंद्राच्या धुराड्यांबरोबरच वीटभट्ट्यांचा धूरही आपल्या परिचयाचा आहे. दिवाळीनंतर बाहेरून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, पाऊस लागेपर्यंत राहतात. मजुरी हजार विटांवर ठरते. त्यामुळे नवरा-बायकोबरोबर मुलांचे हातही चिखलात जातात आणि हिशेब मात्र एकट्या पुरुषाच्या नावे लिहिला जातो. उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत जायचे नाही, असे जेव्हा ठरते, तेव्हा ती मजुरी राहत नाही. सगळे भट्टीमालक असे वागतात असे मी म्हणत नाही. पण जो वागतो, त्याला आपण अन्याय करतो आहोत हे पुष्कळदा जाणवतही नाही. त्याच्या मते तो आपले पैसे वसूल करत असतो.

येथे १९८२ चा एक निवाडा सांगण्यासारखा आहे. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धेच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात न्या. पी. एन. भगवती यांनी म्हटले, की किमान वेतनाहून कमी दराने राबवणे ही २३व्या अनुच्छेदाच्या अर्थाने सक्तीची मजुरीच होय. भूक आणि लाचारी हेही बळजबरीचेच रूप आहे. इमाम बुखारींनी माणूस विकणे आणि मजुरी बुडवणे ही दोन पापे एकाच हदीसखाली ठेवली होती. न्यायालयाने वेगळ्या वाटेने येऊन त्यांना एकाच अनुच्छेदाखाली आणले.

आणि मालक नेहमी दुसरेच असतात असेही नाही. २००५ मध्ये मुंबईत जरीच्या कारखान्यांवर धाडी पडल्या, तेव्हा बिहारमधील मुले मोठ्या संख्येने बाहेर आली. त्या मुलांत मुसलमान होते आणि कारखानदारांतही होते. गावचा, नात्याचा, जमातीचा माणूस म्हणून बापाने विश्वासाने मूल दिले होते. अशा कारखान्याच्या कमाईतून इफ्तारचे दस्तरखान सजत असेल, तर ते कोणाच्या हक्काचे आहे हे विचारण्याची जबाबदारी इमामांवर येते.

सुटून आलेल्या स्त्रियांविषयी दोन शब्द. नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीवर ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी बंदी घातली, तेव्हा शहरात बरीच चर्चा झाली. वस्ती बंद झाल्याचे समाधान अनेकांनी व्यक्त केले. तेथील स्त्रियांनी कोठे जायचे, हे विचारणारे थोडे होते. ज्या मुलीला फसवून तेथे आणले, तिला धाडीनंतर संरक्षणगृहात ठेवता येते. पण शेवटी प्रश्न घराचा असतो, आणि दार बहुधा घरचेच बंद असते. सूरह अन्-नूरच्या ३३व्या आयतीत देहविक्रयाची बळजबरी करण्यास मनाई आहे आणि ज्यांच्यावर बळजबरी झाली, त्यांच्यासाठी अल्लाहच्या क्षमेचा व दयेचा उल्लेख आहे. अल्लाहने जिच्यावर दोष ठेवला नाही, तिला मोहल्ल्याने कोणत्या अधिकाराने ठेवावा? अशा मुलीचे स्थळ नाकारताना ‘खानदान’ हा शब्द वापरणाऱ्यांनी ही आयत अर्थासह एकदा वाचावी.

शासनाच्या प्रयत्नांत उणिवा आहेत. सर्वंकष कायद्याचे विधेयक जुलै २०१८ मध्ये लोकसभेने मंजूर केले, पण राज्यसभेत न पोहोचता ते २०१९ मध्ये व्यपगत झाले. वेठबिगारीतून सुटलेल्यांसाठी केंद्राची योजना एक ते तीन लाख रुपये देते. तीस हजारांपर्यंत तातडीची मदत मिळते, उरलेली रक्कम मात्र आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे आणि खटले वर्षानुवर्षे चालतात. तोपर्यंत ते कुटुंब पुन्हा एखाद्या मुकादमाकडून उचल घेते.

येथे जकातीचा प्रश्न येतो. जकातीच्या आठ हक्कदारांत कुरआनने (अत्-तौबा, ६०) ‘रिकाब’ म्हणजे बंधनात अडकलेल्या माना सांगितल्या आहेत. म्हणून काही साहेबांचा विचार असतो, की जकातीतून मालकाचे कर्ज फेडून मजुराला सोडवावे. हनफी फुकहांनी रिकाबचा अर्थ ठरलेली रक्कम देऊन मुक्त होऊ पाहणारा गुलाम, असा मर्यादित घेतला आहे. पण तो वाद बाजूला ठेवला तरी मालकाला पैसे देऊ नयेत. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे प्रत्येक कर्ज संपुष्टात आणले आहे. विझलेल्या कर्जाची वसुली स्वीकारणे हाच त्या कायद्याच्या नवव्या कलमाखाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यावा. मुले असतील तर १०९८ वर कळवावे, तातडीच्या प्रसंगी ११२ वर. जकातीचा पैसा सुटलेल्या मुसलमान कुटुंबाच्या हातात, त्याच्या मालकीचा करून द्यावा : गावचे तिकीट, चार महिन्यांचे धान्य, मुलांच्या शाळेचा खर्च. भट्ट्यांवरील बहुतेक कुटुंबे मुसलमान नसतात, त्यांच्यासाठी नफ्ल सदका आणि लिल्लाहची रक्कम खुली आहे, आणि इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते फित्राही त्यांना देता येतो. कोराडी-कामठी भागातील मशिदींनी यासाठी रमजानपूर्वीच वेगळी पेटी ठेवावी, कारण भट्ट्या उठण्याचा आणि हिशेब होण्याचा काळ पावसाच्या आधी, मे-जूनमध्ये येतो.