पाटी कोण पुढे करणार?

वाचन : लूक १:५९-६४



जखऱ्याची वाचा बंद होती, पण बाळाचे नाव त्याच्या मनात ठरलेले होते. लोकांनी खुणेने विचारले, त्याने पाटी मागितली आणि वाद मिटला.

आमच्या इंदुरातही असेच घडले. लहानपणी चुकून पाकिस्तानात गेलेली कर्णबधिर गीता २०१५ साली भारतात परतली व येथील मूकबधिरांच्या संस्थेत राहिली. रेल्वे स्टेशन, नदी, देऊळ एवढ्याच तिच्या आठवणी. खुणांची भाषा जाणणाऱ्यांनी त्या धीराने समजून घेतल्या, आणि २०२१ साली शोध परभणीपर्यंत पोहोचला. आठवणी तिच्यापाशी होत्याच. समजून घेणारा हवा होता.

म्हणून संडे स्कूलमधील अशा मुलाशी उजेडात, समोरासमोर बसून बोलावे. ओरडू नये. चित्रे, वस्तू व पाटी जवळ ठेवावी. त्याच्या घरच्या दहा खुणा आपण शिकाव्या व वर्गालाही शिकवाव्या. प्रश्न विचारल्यावर थांबावे; त्याच्या वतीने दुसऱ्याने उत्तर देऊ नये.

चर्चेसाठी प्रश्न : ज्याला कोणी काही विचारतच नाही, असे मूल आपल्या मंडळीत आहे काय?